हजाराच्या आत व्हॅलेंटाइन: ठाणे-नवी मुंबईतल्या जोड्यांसाठी, आमच्या चुकांसकट

लग्नानंतरचा पहिला व्हॅलेंटाइन आम्ही पाम बीच रोडच्या बाजूला एका हॉटेलात केला आणि त्याचं बिल मला आजही पाठ आहे, ४,८७० रुपये. फोन करून टेबल ठेवायला सांगितलं होतं तरी सव्वा तास बाहेर ताटकळत, आत गेल्यावर कळलं की आज मेनू कार्ड नाहीये, ‘कपल पॅकेज’च घ्यावं लागेल, त्यात एक गुलाब, फ्रीजचा वास येणारा हार्टच्या आकाराचा केक आणि एक फोटो. शेजारचं टेबल इतकं चिकटून की तिथलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येत होतं (तिच्या आईला वाढदिवसाचा फोन केला नाही यावरून चाललं होतं, आणि चूक त्याचीच होती). येताना कॅबचे रेट दुप्पट. रात्री साडेबाराला नवऱ्याने मॅगी केली, ती आम्ही ओट्याला टेकून पातेल्यातूनच खाल्ली, आणि त्या अख्ख्या दिवसातलं मला आता आवडीने आठवतं ते तेवढंच.

त्यानंतर दोन-तीन वर्षं चुकत-माकत आम्ही स्वतःची पद्धत बसवली. मी राहते ठाण्यात, नवरा महापेला कामाला, घरात सासूबाई आणि एक पहिलीतला मुलगा, त्यामुळे खाली जे सांगतेय ते वन बीएचकेत, लोकलच्या गर्दीत आणि महिन्याच्या १४ तारखेला उरलेल्या पगारात करून बघितलेलं आहे.

आधी पैसे जातात कुठे ते बघा

१४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सात ते दहा, बस्स, एवढे तीन तास महाग असतात. टेबल, कॅब, डिलिव्हरी, फुलं, सगळ्यांना तेच तीन तास हवे असतात. गुलाबाचंच घ्या ना, आपल्याकडे येणारे लांब दांड्याचे लाल गुलाब बरेचसे मावळातले, तळेगावच्या बाजूच्या पॉलीहाऊसमधले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथला चांगला माल एक्स्पोर्टला जातो आणि इथे उरतो त्याच्यावर मुंबई-पुणे-ठाणे सगळे एकदम तुटून पडतात, मग एरवी पंधरा-वीसला मिळणारं फूल सिग्नलवर किती सांगतील काही नेम नाही. फूल तेच असतं हो, उलट दोन दिवस जास्त बादलीत राहिलेलं.

म्हणजे निम्मा खर्च प्रेमाचा नाहीच, घड्याळाचा आहे. घड्याळ हलवलं की तो निम्मा आपोआप पडतो.

पायरी १: आकडा तोंडाने बोला

हे सगळ्यात अवघड, म्हणून आधी. बऱ्याच जणांना वाटतं की बजेटबद्दल बोललं की रोमान्स गेला. अहो, आपल्याकडे दिवाळी पाडव्याला काय होतं? ओवाळणीत नवरा काय घालणार हे बायकोला महिनाभर आधी माहीत असतं, बहुतेक वेळा दुकानही तिनेच ठरवलेलं असतं, तरी ओवाळताना मजा येतेच की.

जानेवारीच्या शेवटी कधीतरी, भांडण चालू नसताना, सरळ विचारायचं. आमचं असं झालं होतं:

“यंदा व्हॅलेंटाइन हजारात बसवूया का?”

“प्रत्येकी?”

“दोघांचं मिळून.”

“मग गिफ्ट वगैरे नको का तुला?”

“हजारात बसेल ते दे.”

तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला बरं झालं बोललीस, मी कार्डावर घड्याळ घेणार होतो. तर हे असं असतं! समोरचा गुपचूप कर्ज काढायच्या तयारीत असतो आणि आपल्याला घड्याळ नकोच असतं. हजाराचं सोडा, तुमचा आकडा पाचशे असेल नाहीतर तीन हजार असेल, पण तो दोघांचा मिळून असू दे, आणि चालू महिन्याच्या पैशातून जाईल एवढाच. ईएमआयवर टेडी घेतलेला माणूस मी ऑफिसात पाहिलाय, टेडीचा कान जूनमध्ये उसवला, हप्ता ऑगस्टपर्यंत चालू.

“मला काही नको” हे उत्तर आलं तर ते तसंच्या तसं धरू नका. कधी त्याचा अर्थ खरंच काही नको असा असतो, कधी ‘महागाचं नको पण विसरू नकोस’ असा. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पर्याय देऊन विचारा, सकाळी बाहेर जाऊया की रात्री घरी काहीतरी करूया? ज्याला खरंच नको असतं तो दोन्हीला नाही म्हणतो.

पायरी २: दिवस नाहीतर वेळ, एक तरी हलवा

आमच्यासाठी सगळ्यात जास्त फरक याच पायरीने पडला. २०२७ ला १४ तारीख रविवारी येतेय, म्हणजे संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला, मासुंदा तलावाकाठी, पाय ठेवायला जागा नसणार हे आत्ताच लिहून घ्या. तारखेचा हट्ट असेल तर सकाळ घ्या. सकाळी सात-साडेसातला गडकरी रंगायतनसमोर त्याच तलावाच्या कडेने चक्कर मारली तर चालायला येणारे आजी-आजोबा आणि तुम्ही, एवढेच असता. मग तहसीलदार कचेरीपाशी मामलेदारची मिसळ. दोघांनी एकमेकांसमोर नाक पुसत मिसळ खाणं मला कॅंडल लाइटपेक्षा केव्हाही जवळचं वाटतं, पण तिखट झेपत नसेल तर उगाच शूरपणा नको, कमी तिखट सांगा आणि ताक आधीच मागवून ठेवा.

तारखेचा हट्ट नसेल तर सरळ पुढचा आठवडा धरा. हॉटेलं नॉर्मलला येतात, मेनू कार्ड परत येतं, वेटर माणसासारखा बोलतो. फक्त एक करा, १४ ला सकाळी उठल्यावर तोंडाने ‘हॅपी व्हॅलेंटाइन’ म्हणा आणि आपला दिवस अमुक तारखेला आहे हे बोलून दाखवा, नाहीतर समोरच्याला वाटतं विसरलात, आणि मग पुढचं सगळं नियोजन बोंबलतं.

आणि हो, ७ तारखेच्या रोज डेपासून १३ च्या किस डेपर्यंत जी रांग लागते, प्रपोज, चॉकलेट, टेडी, प्रॉमिस, हग, त्यातलं मिठी आणि प्रॉमिस फुकट आहे, बाकीचं सोडून द्या.

पायरी ३: कुरकुर लिहून ठेवा

गिफ्टसाठी दुकानात जाऊन ‘काय घेऊ’ असा विचार करायला लागलात की पाचशेच्या खाली काही दिसतच नाही. त्यापेक्षा आपलं माणूस महिनाभर कशाबद्दल कुरकुरतंय ते ऐका आणि मोबाइलमध्ये एक नोट करून ठेवा. मी आडपडदा न ठेवता सांगते, माझ्या नोटमध्ये एका वर्षी होतं: चष्म्याचा नाकाचा पॅड टोचतो, हेडफोनचा स्पंज निघालाय, डबा गळतो, रेनकोटची चेन.

डबा गळतो, यावर मी थांबले. नवरा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जातो, बॅग पुढे छातीवर, आणि आमटी असली की घणसोलीपर्यंत बॅगेला वास. डबा चांगला होता, स्टीलचा, त्याच्या आईने घेतलेला, म्हणून टाकवत नव्हता. नुसती झाकणातली रबरी रिंग सैल झालेली. जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या तीन दुकानांत झाकण घेऊन फिरले, तिसऱ्या दुकानातल्या काकांनी खोक्यातून पाच-सहा रिंगा काढल्या, एकेक बसवून, आत पाणी भरून, डबा उलटा धरून दाखवला, ३० रुपये. ती रिंग मी साध्या कागदात बांधून दिली. त्याने आधी काय आहे कळेना म्हणून बोटात घातली (!), मग कळल्यावर इतका हसला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना डबा उलटा करून दाखवत होता. घड्याळाचं एवढं कौतुक झालं नसतं, पैज लावते.

तुमच्या माणसाच्या कुरकुरीत असं काही ना काही सापडेलच. फक्त एक सावधगिरी, कुरकुर त्यांच्या स्वतःच्या सुखाची हवी, घरकामाची नाही. नवीन पोळपाट-लाटणं व्हॅलेंटाइनला दिलेल्या एका गृहस्थांची गोष्ट आमच्या सोसायटीत अजून सांगतात.

पायरी ४: फुलं, घ्यायचीच असतील तर

गुलाबच हवा असेल तर ११-१२ तारखेला घ्या, कळी अवस्थेतला, आणि घरी सांभाळा. ठाण्यात जांभळी नाक्याला, नाहीतर दादरला पहाटे जाता आलं तर फुलबाजारात. जुडी साधारण वीस दांड्यांची असते, मैत्रिणीत अर्धी-अर्धी करा, वीस गुलाब ठेवायला आपल्याकडे बरण्या तरी कुठे आहेत. कळी निवडताना पाकळ्या न दाबता खाली देठाजवळचा फुगीर भाग दोन बोटांनी हलकेच दाबून बघा, घट्ट लागला तर ताजी, भुसभुशीत लागला तर जुनी. बाहेरची एक-दोन पाकळी काळपट, वेडीवाकडी असते, ती फूल खराब म्हणून नाही, आतल्या पाकळ्या जपायला असते, घरी आल्यावर हळूच काढून टाका.

मग दांड्याचं टोक तिरकं कापा, पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढा (आमचे पहिले वीस गुलाब दोन दिवसांत गेले ते यामुळेच, पानं पाण्यात कुजतात आणि दांडा तुंबतो), बादलीत भरपूर पाण्यात तीन-चार तास उभे ठेवा. रोज पाणी बदला, दर दोन दिवसांनी टोक जरासं परत कापा. पंख्याखाली नको. आणि केळी, सफरचंदं ठेवलेल्या टोपलीशेजारी तर मुळीच नको, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो त्याने फुलं लवकर माना टाकतात.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर सोनचाफा घ्या. स्टेशनबाहेरच्या मावशींकडे पानात गुंडाळलेली पुडी मिळाली तर उशीजवळ ठेवा, रात्रभर खोली भरून जाते. मोगऱ्याचा खरा सीझन उन्हाळ्यात, फेब्रुवारीत गजरा मिळाला तरी महाग असतो.

पायरी ५: जायचं कुठे

इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण आपल्या भागात जे फुकट आहे ते मुंबईवाल्यांना पैसे देऊन मिळत नाही.

फेब्रुवारी म्हणजे फ्लेमिंगोंचा ऐन सीझन. ठाणे खाडीचा भाग २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आला, आणि हे पक्षी बघायला सीवूड्स स्टेशनला उतरून रिक्षा केली की झालं. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा, एनआरआय कॉम्प्लेक्स या वसाहतीची बाजू, तिकडे जा. पण कधीही गेलात आणि दिसले असं नसतं, इथेच लोक फसतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिकडे लांब चरत असतात, भरतीचं पाणी चढून चिखल बुडाला की ते या आतल्या पाणथळीत येऊन उभे राहतात. म्हणजे किनाऱ्यावरून बघायला भरतीची वेळ पकडायची. मोबाइलवर ठाणे खाडीचं भरतीचं वेळापत्रक बघा, भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कोणी गेल्या रविवारी सांगितलेली वेळ या रविवारी चालणार नाही. भरतीच्या अर्धा तास आधी पोचा. दुर्बीण कोणाची तरी मागून आणा. दगड मारून उडवायचे नाहीत, ड्रोन नाही, आणि भडक कपडे घालून रीलसाठी पाण्यापर्यंत जायचं नाही.

गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा नवरा म्हणाला हे पांढरट-करडे कोण, गुलाबी कुठेत? तर ती पिल्लं. गुलाबी रंग जन्माचा नसतोच, खाण्यातल्या शेवाळ आणि बारीक जिवांमधल्या रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो. तो म्हणाला, म्हणजे संगतीने रंग लागतो. एवढं रोमँटिक वाक्य नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून इथे नोंदवून ठेवतेय.

खर्च करायची तयारी असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, त्याही भरती बघूनच. सीझनच्या शनिवार-रविवारी त्या भरतात, आधी बुकिंग करा.

खारघरकडचे असाल तर बेलापूर-पेंधर मेट्रोने सेंट्रल पार्क स्टेशनला उतरा आणि संध्याकाळी पार्कात फिरा. वाशीत खाडीकाठचं सागर विहार आहेच. येऊर छान आहे पण दिवसा, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, अंधार पडल्यावर आडबाजूला बसायची जागा नाही. लग्न न झालेल्यांसाठी एक सांगते, कुठल्याही तलावावर किंवा टेकडीवर माणसांची ये-जा असेल तिथेच बसा. दोन सज्ञान माणसांनी बसून गप्पा मारणं गुन्हा नाही, पण १४ तारखेला काही लोकांना उगाच उत्साह असतो, त्यांच्याशी वाद घालत दिवस कशाला घालवा.

आणि नाटक! ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात रविवारी दुपारचा प्रयोग, बाल्कनीचं तिकीट पुढच्या रांगांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, मध्यंतरात बटाटावडा. मॉलमधल्या पिक्चर आणि पॉपकॉर्नच्या निम्म्यात होतं.

प्रवास लोकलने करा हो. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली होती, म्हणजे गाडीने ठाण्याला फिरायला यायची परंपरा आपल्या कोणाच्याही लग्नापेक्षा जुनी आहे.

पायरी ६: खाणं

हॉटेलातच जायचं असेल तर रात्रीऐवजी दुपारी जा, आणि निघायच्या आधी फोनवर तीन प्रश्न विचारा: आज नेहमीचा मेनू आहे का, माणशी कमीत कमी रक्कम ठेवलीय का, सर्व्हिस चार्ज लावता का. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के लागतो तो द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, नको असेल तर शांतपणे काढायला सांगायचा. गोड तिथे घेऊ नका, गोड घरी.

गोडासाठी फेब्रुवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याकडे खोक्याने येते, तिला चॉकलेटात बुडवलं की बाहेर महाग मिळतं ते घरी होतं. स्ट्रॉबेरी धुवा आणि कोरड्या करा, कोरड्या म्हणजे खरंच कोरड्या, पंचावर तासभर पसरून, एकेक पुसून. देठ काढू नका, धरायला लागतो. डार्क कंपाउंड चॉकलेटचे तुकडे स्टीलच्या वाडग्यात घ्या, खाली पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, वाडगा वर ठेवा, पण त्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. गॅस बारीक. वितळायला लागलं की गॅस बंद करा, बाकीचं ढवळताना आपोआप वितळतं. चॉकलेटात पाण्याचा एक थेंब जरी गेला तरी त्याचा रवाळ गोळा होतो. आमचा पहिल्या वर्षी झाला, वाफेने, मग त्यात गरम दूध घालून मुलाने प्यायलं. स्ट्रॉबेरी देठाला धरून बुडवा, ठिबकू द्या, बटर पेपरवर ठेवा, पंधरा मिनिटं फ्रीज. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

जेवण घरीच असेल तर नियम एकच, रोज जो स्वयंपाक करतो त्याने त्या दिवशी बसायचं. पिठलं-भात जमत असेल तर पिठलं-भात. आणि त्या दिवशी जो करेल, भांडी पण त्यानेच घासायची, हे आधीच ठरवा.

पायरी ७: चिठ्ठी

फॉरवर्ड केलेली शायरी नको. लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी माझा फॉर्म्युला तीन वाक्यांचा आहे: गेल्या वर्षातला एक नेमका प्रसंग, त्या माणसाची एक सवय जी फक्त तुम्हालाच माहितेय, आणि येत्या वर्षात दोघांनी करायची एक छोटी गोष्ट. नवऱ्याने मला लिहिलेली अशी होती: “तुझ्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा तू दवाखान्यात रडली नाहीस, घरी येऊन कुकर लावताना रडलीस, ते मी पाहिलं होतं. तू झोपताना माझ्या चार्जरची पिन काढून तुझी लावतेस हेही मला माहितेय. मे महिन्यात आंबोळ्या शिकव.” अक्षर डॉक्टरसारखं, वहीचं पान फाडलेलं, पण मी ते आधार कार्डाच्या फोल्डरमध्ये ठेवलंय, म्हणजे समजा किती महत्त्वाचं.

गेल्या वर्षीचा आमचा हिशोब मांडते, मिसळ-ताक २६०, रिंग ३०, सोनचाफा ४०, स्ट्रॉबेरी १००, चॉकलेट १६०, लोकल आणि रिक्षा १८०. झाले ७७०. उरलेले २३० डब्यात टाकलेत, यंदाच्या नाटकासाठी.

पायरी ८: घरात माणसं असतील तर

सासू-सासरे, पोरं, पाहुणे, वन बीएचके, यात ‘क्वालिटी टाइम’ कुठून आणायचा हा आपल्याकडचा खरा प्रश्न. लपूनछपून काही करू नका, जमत नाही आणि हसं होतं. सरळ तास मागून घ्या. मुलाला शेजारी सोडायचं असेल तर पुढच्या रविवारी त्यांचं मूल तुम्ही सांभाळा, फिटंफाट. घरच्यांसाठी चार स्ट्रॉबेरी वेगळ्या काढून ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाबरतच विचारलं होतं.

“आई, आम्ही दोघं जरा तासभर बाहेर जाऊन येतो.”

“कुठे?”

“असंच... तलावपाळीला.”

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर न हटवता पर्समधून वीसची नोट काढली. “जा. ह्यांच्याबरोबर मी पण जायचे, तेव्हा भेळ आठ आण्याला होती. येताना कोथिंबीर आणा, आणि दोन तास लागले तरी चालतील.”